कस्तुराच्या पत्र्यावरची सावली

२७ जानेवारी

बी.पी. १५८/९६.

डॉक्टर म्हणाले, बबनराव, रोजचं बी.पी. लिहून ठेवत जा. मुलाने, अजिंक्यने, वाकडहून त्याच्या कंपनीची डायरी आणून दिली. एवढ्या गुळगुळीत पानावर दोन आकडे लिहायचे आणि बाकीचं कोरं टाकायचं हे जिवावर येतं, म्हणून लिहायला घेतलं.

काल झेंडावंदन झाल्यावर आमच्या समोर, बारा फुटी बोळाच्या पलीकडे, कस्तुराने पिठाची गिरणी उघडली. कस्तुरा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, आबाजीची बायको. आबाला जाऊन येत्या चोवीस एप्रिलला नऊ वर्षं होतील. हिने बायकांच्या बचत गटातून सोलरचा संच मिळवला. पत्र्यावर आठ काचा, आत नवी कोरी गिरणी, आणि बाहेर बोर्ड: ‘लाइट असो वा नसो, दळण चालू’. कुणाला उद्देशून आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. वाडीत लाइटविना अडणारी गिरणी एकच आहे, ती माझी.

पेढा घेऊन तिची मुलगी तेजस्विनी आली होती. मी बी.पी.चं कारण सांगितलं. गोजाबाईने मात्र दोन पेढे खाल्ले. नवऱ्याचा अपमान झालेला असताना बायकोला पेढा गोड कसा लागतो, देव जाणे.

३ फेब्रुवारी

बी.पी. १६४/९८.

सकाळी गिरणीत डबे दोन. मागच्या महिन्यात याच वेळेला पंधरा-वीस असायचे, पार पायरीपर्यंत रांग. भाड्याच्या खोल्या वाढल्या, खोलीखोलीत एसी आणि शेगड्या आल्या, त्यामुळे गावठाणाच्या लाइनीवर भार झेपत नाही आणि सकाळी आठ ते अकरा लाइट जाते. हायवेपलीकडे कंपन्यांत मात्र दिवसासुद्धा दिवे जळत असतात. जमिनी आमच्या गेल्या आणि उजेड त्यांच्याकडे राहिला.

तरी माझ्या गिरणीसारखी गिरणी तालुक्यात नाही हे छातीठोक सांगतो. माझ्या गिरणीला ऑटो आहे. जमीन गेली तेव्हा विहिरीच्या मोटरचा ऑटो काढून मीच इथे बसवला. लाइट आली की बटण दाबायला नको, गिरणी आपली आपण सुरू. आबा तेव्हा म्हणाला होता, विहिरीवर ठीक आहे दादा, इथे माणसं असतात. त्याला नव्या गोष्टींची भीतीच वाटायची.

कस्तुराच्या गिरणीला म्हणे दर वेळी बटण दाबावं लागतं. नवीन यंत्र घेऊन मागे गेली बाई.

मी आज गणपतीसमोर बोललो आहे. ही गिरणी बंद पडलेली बघितल्याशिवाय राहणार नाही.

११ फेब्रुवारी

बी.पी. १३८/८६. डॉक्टरांची गोळी नाही, हे दुसऱ्याच औषधाने उतरलं.

सरपंचांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दर वर्षीप्रमाणे गच्चीवर चढवला. पंधरा बाय दहा, लोखंडी चौकटीत. आज साडेआठला दात घासत गच्चीवर उभा होतो. समोर गिरणीची घरघर चालू होती. बघता बघता आवाज बसला, रडवेला झाला आणि थांबला. मी वाकून पाहिलं. सूर्य माझ्या पाठीशी, मधे सरपंच, आणि सरपंचांची सावली बोळ ओलांडून बरोबर तिच्या आठ काचांवर. बॅटरी नाही तिच्याकडे, ऊन असेल तरच यंत्र चालतं.

कस्तुरा बाहेर आली, वर पत्र्याकडे बघितलं, मग फ्लेक्सकडे. मी दात घासत राहिलो. फ्लेक्स काढ असं म्हणायची तिची काय टाप आहे? सरपंचांना दिलेल्या शुभेच्छा आहेत त्या.

सावली साडेदहापर्यंत राहिली. सकाळच्या दळणाची वेळ नेमकी तेवढीच.

१९ फेब्रुवारी

गोजाबाईने भाकरी थापता थापता सांगितलं, “कस्तुराचा संच तीन म्हैन्यांच्या बोलीवर हाय. यंत्रच तास मोजतंय म्हनं. रोजचे सरासरी पाच तास भरलं न्हाईत तर अठ्ठावीस एप्रिलला सायेब येनार आनि संच दुसऱ्या गावाला नेनार.”

मी तिसरी भाकरी मागितली. गोजाबाईला वाटलं भाकरी आवडली. आवडलीच होती, हल्ली पीठ फार बारीक पडतंय. पण भूक त्या बातमीची होती. अठ्ठावीस एप्रिल. पानाचा कोपरा दुमडून ठेवला आहे.

२ मार्च

सरपंचांचा वाढदिवस किती दिवस चालवणार? लोक हसायला लागले. गेल्या आठवड्यात चाकणला शेखरच्या दुकानात गेलो होतो. शेखर फ्लेक्स छापतो. म्हणाला, “आप्पा, आता कुनाचा?” मी अजिंक्यचा फोटो दिला. ‘चि. अजिंक्य यांची टीम लीडपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ.’

काल रात्री अजिंक्यचा फोन. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी जाता येता फोटो काढून ग्रुपवर टाकला. “पप्पा, मी दोन वर्षांपूर्वीच टीम लीड झालोय!” मी म्हटलं, मग कौतुक उशिराने झालं म्हणून रागावतोस? आठ दिवस बोलला नाही तरी चालेल. त्याच्या सावलीने रोज दोन तास मारले आहेत.

१८ मार्च

बी.पी. १३६/८४.

आता गच्चीवर बैल आहे. गावातल्या धोंडीबाच्या गाड्याचा बैल, शर्यतीच्या घाटात पहिला आला. बैलाचा वाढदिवस आम्ही आधीही करायचो, त्यामुळे कुणाला शंका नाही. धोंडीबा तर पाया पडायला आला. ऊन वर चढतंय, सावली आखूड होते आहे, म्हणून वेल्डर बोलावून चौकट पाच फूट उंच करून घेतली. खाली खडूने खुणा केल्या आहेत, कुठल्या तारखेला सावली कुठवर जाते त्याच्या. शाळेत भूगोलात नापास झालो होतो, हे गुरुजींनी बघायला हवं होतं.

दगडाला टाकी लावायला राजगुरुनगरचा माणूस आला होता. दगड गुळगुळीत झाले की छिन्नीने खरबरीत करावे लागतात. पूर्वी ते काम आबा करायचा. एकाने दगडावर बसायचं आणि दुसऱ्याने फ्यूज काढून मुठीत धरून उभं राहायचं, ही आमच्या गिरणीची रीत. आता हा माणूस आपल्या जोडीदाराला आणतो. तो आला की मला नेमकं चाकणला काम निघतं.

३० मार्च

पाडवा. तेजस्विनी गच्चीवर आली. चाकणच्या एका कंपनीत ती पार्ट तपासते, हातात मोबाइल, त्यात आकडे.

“आप्पा, एका काचेवर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज उतरती. आमचे साडेतीन तासच भरतायत. चौकट गच्चीच्या त्या टोकाला सरकवली तरी भागंल. मी मानसं आनते सरकवायला.”

मी म्हटलं, “बैल हाय तो. मुक्या जनावराचा राग करू न्हाई पाडव्याला.”

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. डोळे आबाचे आहेत, ही एक कटकट आहे. मग म्हणाली, “आमी काय वाईट केलं तुमचं?”

तिच्या आईला विचार म्हणावं. नऊ वर्षं ती बाई माझ्यासमोर पदर सावरून, मान खाली घालून जाते, एक शब्द उलटा बोलत नाही. त्या न बोलण्याचा मला जो त्रास होतो तो कुणाला सांगायचा? भांडली असती तर मी केव्हाच मिटवलं असतं.

बी.पी. १६०/९८. सण म्हणून गोड खाल्लं, त्याचं असेल.

९ एप्रिल

लाइट सकाळी सातलाच जाते, एक वाजल्याशिवाय येत नाही. तिच्या पत्र्यावर बैल बसलेला, माझ्याकडे लाइट नाही. बायका डबे घेऊन बोळात उभ्या राहतात, इकडे बघतात, तिकडे बघतात आणि परत जातात. किराणा दुकानात पिठाच्या पिशव्या आल्या आहेत. माझा धंदा वाढला नाही हे खरं. पण वाढवायचा कुठे होता? मला फक्त तिचा आवाज बंद हवा होता. तो आठ ते साडेदहा बंद असतो आणि त्या वेळात मी गच्चीवर खुर्ची टाकून बसतो.

भाकरी मात्र सुरेख. लाइट नसताना गोजाबाई दळण कधी साधते, काय कळत नाही. दुपारचं साधत असेल.

२१ एप्रिल

धोंडीबाने बैल विकला. घेणारा म्हणाला, माझा बैल तुमच्या गच्चीवर कशाला? फ्लेक्स उतरवावा लागला. सात दिवस राहिलेत, तिने भराभर तास भरले आणि ते बघून साहेबांनी मुदत वाढवली तर?

गच्चीवर बसल्या बसल्या डोक्यात आलं. असा फ्लेक्स लावायचा की तो काढ म्हणायला कस्तुराची जीभच उचलणार नाही. चोवीसला आबाची पुण्यतिथी.

आबाचा फोटो शोधायला दुपार गेली. एकच सापडला, गिरणी सुरू केली त्या दिवशीचा. आम्ही दोघं दारात, त्याचा हात माझ्या खांद्यावर. शेखर म्हणाला, “आप्पा, तुमाला कापतो, पन हात ऱ्हातोय. हात काढला तर त्येंची छाती जातीय.” मी म्हटलं, राहू दे हात.

‘कै. आबाजी यांच्या नवव्या पुण्यस्मरणानिमित्त भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: थोरला बंधू.’

२४ एप्रिल

बी.पी. १७०/१०२.

सकाळी सहाला चौकट भरली. आठला सावली तिच्या पत्र्यावर गेली. मी खुर्चीत.

कस्तुरा दार उघडून बाहेर आली. आजच्या दिवशी ती गिरणी चालवणारच नव्हती, असं नंतर कळलं. दाराला हळदकुंकू लावायला आली होती. वर बघितलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. मागून तेजस्विनी तरातरा निघाली. “आज मी फाडनारच हाय त्ये. किती खालच्या थराला जायाचं मानसानं!” कस्तुराने तिला दंडाला धरून थांबवलं.

मला सगळं ऐकू येत होतं.

“न्हाई गं. ऱ्हाऊ दे.”

“आई, चार दिवस ऱ्हायल्यात! संच जाईल!”

“जाऊ दे. नऊ वर्सांत ह्या घरानं त्येंचा फोटू लावला न्हवता. आज लावलाय. त्येंची सावली हाय ती, पडू दे आपल्यावर.”

आणि बोळात उभी राहून तिने फ्लेक्सला हात जोडले. बराच वेळ उभी होती. मी फ्लेक्सच्या आडोशाला होतो, त्यामुळे तिला दिसलो की नाही, माहीत नाही.

मी खाली येऊन पडून राहिलो. माझा बेत पूर्ण यशस्वी झाला आहे.

२५ एप्रिल

झोप नाही. लिहूनच टाकतो, ही डायरी कोण वाचतंय.

आबा गेला त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. आबा दगडाला टाकी लावत होता, पट्ट्याला अगदी चिकटून. फ्यूज माझ्या मुठीत. बाहेर बारा डबे, बायकांचा गलका. आतून छिन्नीचा आवाज थांबला. मला वाटलं झालं. लाइट कधीही येईल, दोन मिनिटंही फुकट जाऊ नयेत, म्हणून मी फ्यूज घातला. आणि लाइट आली. ऑटोने आपलं काम केलं.

आबाचं झालं नव्हतं. तो पाणी प्यायला थांबला होता. तांब्या घेऊन कस्तुरा उभी होती. म्हणून म्हणतो, तिने नेमकं त्याच वेळी पाणी नेलं नसतं तर छिन्नी थांबली नसती आणि मी फ्यूज घातला नसता. हे तिला कुणी विचारलं नाही.

आणि पोलिसांना तिने काय सांगावं? “माझ्या मालकांनीच फ्यूज घातला, आनि ध्यानात न्हाई ऱ्हायलं त्येंच्या.” मेलेल्या माणसाला बेफिकीर ठरवलं. माझ्या भावाच्या नावाला तिने बट्टा लावला, तो मी विसरलेलो नाही. त्या संध्याकाळी ती माझ्याशी काहीतरी बोलली होती, मीही काहीतरी म्हणालो. काय ते आता आठवत नाही.

२७ एप्रिल

दुपारी लाइट नव्हती. गिरणीच्या पायरीवर बसलो होतो. कस्तुरा डबा घेऊन आली. आबा गेल्यापासून माझ्या गिरणीत ती दुसऱ्यांदाच आली असेल.

“आप्पा, दळन टाकायचं हाय.”

मला हसू आलं. गिरणीवालीच दळायला आली. म्हटलं, “फ्लेक्स काढा म्हनायला आलीस ना? सरळ म्हन की. उद्या सायेब येनार.”

तिने डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि आत भिंतीकडे बोट केलं. तिथे ऑटो आहे. पीठ बसून पांढरा झालेला.

“ह्यो अजून हायच व्हय?”

मी पायरीवरचं पीठ झटकलं.

“तुमी म्हनला हुता, कस्तुरा, पोलिसांना माझं नाव नगं सांगू, माझं घर बसंल. मी म्हनले, न्हाई सांगत, पन ऑटो काढा. तुमी म्हनला, उद्याच काढतो. मी माझ्या मालकांवर घेतलं, आप्पा. त्येंच्या पोरीसमोर. दिवाळीत गोजाक्काला फराळ द्यायला आले तवा बघितलं, हितंच हाय. खाली बाया-पोरी डबं घिऊन उभ्या. तवाच ठरवलं समोर गिरनी टाकायचं. ह्या दारात कुनी उभं ऱ्हायला नगं म्हनून.”

“म्हंजी माझा धंदा बसवायलाच टाकलीस.”

“व्हय,” ती म्हणाली. “बसवायलाच.”

नऊ वर्षांनी उलटा शब्द आला. मला वाटलं होतं त्याने मोकळं वाटेल.

“फ्लेक्स ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “संच जायाचा तर जाऊ दे. ऑटो तेवढा काढा.”

डबा तिथेच ठेवून गेली. मी उघडून बघितला. रिकामा होता.

२८ एप्रिल

बी.पी. १८२/१०४.

दोन साहेब आले. यंत्रातले तास बघितले, सरासरी तीन तास चाळीस मिनिटं. एकाने वर बघून विचारलं, “हे सावली पाडणारे कोण?” कस्तुरा म्हणाली, “आमचं मालक.” साहेब ओशाळले, पुढे काही विचारलं नाही. आठही काचा टेंपोत चढल्या. तेजस्विनी रजा टाकून घरी होती, ती रडली. कस्तुराने बोर्ड उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

जिंकलो असं लिहायला पेन उचललं होतं.

जेवायला बसलो तर ताटात भात. भाकरी कुठे विचारलं. गोजाबाई म्हणाली, “पीठ संपलं. तीन म्हैनं कुनाचं पीठ खाताय वाटलं तुमाला? पाठच्या दारानं जात हुते मी.” आणि ताट तसंच ठेवून उठून गेली.

२९ एप्रिल

फ्लेक्स उतरवायला गच्चीवर गेलो. जवळून आबाचा हात माझ्या छातीएवढा मोठा दिसतो. खांदा नाही त्याखाली, नुसता हवेत ठेवलेला. दोऱ्या सोडवता सोडवता खाली बसलो तो ऊन उतरेपर्यंत बसून होतो. आता कुणावर सावली पडत नव्हती, खाली नुसता धुळकट पत्रा. तिच्या काचा होत्या तिथे चौकोन चकचकीत राहिलेत, आठ.

३० एप्रिल

आज बोळ ओलांडला. बारा फूट. दार तेजस्विनीने उघडलं आणि आईला हाक न मारता बाजूला झाली.

मी म्हटलं, “कस्तुरा, ऑटो काढतोय. फ्यूज धरायला येतीस का?”

ती हात पुसत आली. लाइट नव्हती, कधीही येण्यासारखी होती. मी फ्यूज ओढून काढला आणि तिच्या हातावर ठेवला. तिने मूठ मिटली. मग मी पट्ट्याच्या आडून ऑटोत हात घातला.

तारा पिठाने घट्ट बसल्या होत्या. स्क्रू निघेना. माझं मनगट पट्ट्याला टेकलेलं, पाठ तिच्याकडे. फ्यूजची जागा तिच्यापासून हातभर अंतरावर. मधेच मला तहान लागली, पण पाणी मागायचा धीर झाला नाही. हात थांबवायचीच भीती वाटत होती. आबाला असं कधी वाटलं नसणार. त्याला माहीत होतं, फ्यूज दादाच्या मुठीत आहे.

“मीच घातला हुता,” मी तिच्याकडे न बघता म्हणालो.

“ठाव हाय. काम करा.”

ऑटो सुटून खाली पडला. मी वळलो. तिची मूठ तशीच मिटलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. मला वाटलं आता देईल. ती पायरी उतरली, रिकामा डबा उचलला, बोळ ओलांडला आणि दार लावून घेतलं. फ्यूज तिने दिला नाही. मी मागितला नाही.

सव्वाचारला लाइट आली. घराघरांतून पंखे लागले, खोल्यांतली पोरं ओरडली. दोन बायका डबे घेऊन धावत आल्या आणि गिरणीचा आवाज नाही म्हणून दारातच थांबल्या. एकीने विचारलं, आप्पा, कधी चालू व्हनार? मी समोरच्या दाराकडे बोट केलं.

बी.पी. आज घेतलं नाही.